एकदम लेव्हलमधली बाथरूम

सकाळी घरून निघताना बोलायला वेळ नसतो आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर बोलायला जीव नसतो. मधल्या वेळात ऑफिसात बोलावं म्हटलं तर साहेब चष्म्यावरून बघतात. त्यामुळे आम्हा चौघींचं सगळं बोलणं कामठी ते नागपूर या रस्त्यावरच होतं, आणि त्यातलंही अर्धं ट्रकच्या हॉर्नमध्ये जातं. उरलेलं अर्धं मात्र साचत राहतं. घरात नाही का पिशव्या साचत, टाकवतही नाहीत आणि कशाला ठेवल्या तेही आठवत नाही, तसं. आज सुट्टी आहे, पाय दुखताहेत, पलंगावरून उठायची इच्छा नाही. म्हटलं, पडल्या पडल्या त्यातल्या चार पिशव्या झटकाव्या.

चौघी म्हणजे कोण ते आधी सांगते. मी मंगला, सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलवर बसते. शोभाताई शाळेत शिकवतात. रिटायरमेंटला टेकल्या आहेत, त्यामुळे आता कोणाच्या बापाला भीत नाहीत. कल्पना एका खासगी दवाखान्याच्या रिसेप्शनवर असते आणि दिवसभर लोकांना "बसा, डॉक्टर येऊनच राहिले" असं सांगते. चौथी नेहा, आमच्यात सगळ्यांत लहान. नुकतंच लग्न झालेलं, आयटी कंपनीत नोकरी. काही दिवस ऑफिसला जाते, काही दिवस घरून काम करते.

आणि ऑटो रहीमभाईंचा. रहीमभाई आधी पॉवरलूमवर होते. मशीनच्या खडखडाटात उमर गेली, म्हणून त्यांना हळू बोलताच येत नाही. आम्ही महिनेवारी ऑटो लावला त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मागे वळून ओरडून सांगितलं होतं, "मॅडम लोग, मेरी ऑटो में दो बात नहीं चलती. इलेक्शन और सास! एक से दिमाग गरम होता, दूसरी से रस्ता लंबा हो जाता."

इलेक्शनचा नियम आठवडाभर टिकला. सासूचा नियम कामठीची हद्द ओलांडेपर्यंतसुद्धा टिकला नाही!

*

मधे आमच्या रस्त्याने नवी एसी बस सुरू झाली. शोभाताईंच्या मुलाने त्यांना बजावलं, "आई, काहून त्या ऑटोत धूळ खाऊन राहिली तू? जमाना कुठं गेला!" मग शोभाताई आम्हाला सोडून बसने जाऊ लागल्या. आम्ही रुसलो नाही, पण त्यांच्या जागेवर पर्स ठेवून बसलो.

चौथ्या का पाचव्या दिवशी बाई पुन्हा ऑटोच्या कोपऱ्यावर उभ्या! आम्ही म्हटलं, काय झालं, एसी बंद पडला का?

"एसी मस्त आहे वं. पण तिथं कोणीच बोलत नाही. जो तो मोबाइलमध्ये मुंडी घालून. मी बाजूच्या बाईले सहज विचारलं, आज भाजी काय केली? तं तिनं कानातला इअरफोन काढला, 'हां?' केलं, अन् पुन्हा घातला." शोभाताई धापा टाकत आत सरकल्या. "माणसं नेऊन राहिले का फ्रीजमधली भाजी, काही समजतच नाही."

*

आमच्या ऑफिसात हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन आलं. आधी सही होती, मग अंगठा आला, आता तोंड. पुढे काय दाखवायला लावतील देव जाणे!

माझा चेहरा नोंदवला तो दिवस ऐन मे महिन्यातला. आदल्या रात्री लाइट गेलेली, कूलर बंद, झोपेचं खोबरं. सकाळी पाणी आलं नव्हतं. वरून ऑटोत उन्हाच्या झळा. स्कार्फ सोडला तेव्हा केस कपाळाला चिकटलेले आणि डोळे खोल गेलेले. मशीनने तेवढ्यात फोटो काढला आणि तोच कायमचा ठेवून घेतला.

पुढे एकदा पुतण्याचं लग्न झालं. शनिवारी पार्लरमध्ये जाऊन आलेली होते, रविवारी दुपारी चक्क झोप काढली. सोमवारी टवटवीत होऊन मशीनपुढे उभी राहिले, तर ते म्हणालं, "चेहरा जुळत नाही." पुन्हा उभी राहिले, पुन्हा तेच. मागे रांग लागली. एक जण म्हणे लाइटकडे बघा, दुसरा म्हणे टिकली काढा.

शेवटी साहेब बाहेर आले. त्यांनी स्क्रीनवरचा माझा जुना फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज फ्रेश दिसून राहिल्या. जरा घरचं काहीतरी आठवा."

मी डोळ्यांपुढे आणलं, गॅस संपलाय, कामवाली गावाला गेलीय, आणि सासूबाईंच्या डोळ्याच्या तपासणीला मलाच रजा टाकायची आहे.

"धन्यवाद!" मशीन म्हणालं.

*

आमच्याकडे अंगणातला नळ कित्येक वर्षांपासून टपकतो. मी यांना म्हटलं की हे म्हणतात, "पाहू." आमच्या यांचं सगळ्या जगाबद्दल एकच मत आहे, "पाहू." सरकार बदललं, पाहू. मुलगा इंजिनिअरिंगला नको म्हणतो, पाहू. गच्ची गळते, पाहू.

एका उन्हाळ्यात मी खरंच वैतागले. म्हटलं, "आज नळ दुरुस्त झाला पाहिजे, नाही तर मी स्वयंपाक करणार नाही." हे उठले, अंगणात गेले, नळापुढे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता पाना आणतील. यांनी आतून मातीचं एक पसरट भांडं आणलं आणि नळाखाली ठेवलं.

"चिमण्या पाणी पितील," म्हणाले आणि आत येऊन पेपर उघडला.

आता शेजारीपाजारी यांचं कौतुक करतात. उन्हाळ्यात पाखरांची एवढी काळजी कोण घेतं आजकाल! नळ अजून टपकतोच. स्वयंपाक मात्र त्या दिवशीही केलाच होता.

*

रहीमभाईंच्या बंदीनंतरही इलेक्शनचा विषय निघाला तो शोभाताईंमुळे. त्यांचे यजमान आणि धाकटा दीर एकाच घरात वरखाली राहतात, पण मतं दोन टोकांची. निवडणूक लागली आणि दोघांत अबोला. खालचा टीव्ही एका बाजूचा, वरचा टीव्ही दुसऱ्या बाजूचा, आणि दोघांचे आवाज एवढे मोठे की शोभाताई स्वयंपाकघरात कानाला ओढणी बांधून पोळ्या लाटायच्या.

कुटुंबाच्या ग्रुपवर तर युद्धच. एकाने व्हिडिओ टाकला की दुसऱ्याचा त्याच्या दुप्पट लांबीचा. "देश बुडाला तर तुमच्यासारख्यांमुळे," असं एकाने सकाळी लिहिलं, की दुसरा संध्याकाळी उत्तर देणार. दिराने होळीलासुद्धा खाली यायचं टाळलं. जावा-जावा आपल्या गॅलरीतून खाणाखुणांनी भाजीची देवाणघेवाण करायच्या.

मतदानाच्या दिवशी कडक ऊन. शोभाताई आणि जाऊबाई सकाळीच जाऊन बोटाला शाई लावून आल्या. दोघे भाऊ म्हणाले, दुपारी गर्दी कमी असते, जेवून जाऊ.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! जेवले. कूलर लावला. संध्याकाळी पाच वाजता मी पाहते तं हे खाली घोरून राहिले अन् भाऊजी वरती घोरून राहिले," शोभाताई म्हणाल्या. "सहा महिने देश वाचवत होते दोघं. ऐन वेळेवर कूलरनं घात केला!"

रहीमभाईंनी पुढून ओरडून विचारलं, "अब बात करते क्या दोनों?"

"करतात ना. बोटाले शाई नाही हे कोणाले सांगायचं नाही, एवढं ठरवायपुरते एकत्र आले."

*

हे सगळे किस्से हसण्यावारी गेले. कल्पनाच्या बाथरूमचा मात्र गेला नाही.

कल्पनाचे यजमान गजाननराव एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. माणूस सरळ, पण त्यांचं एक ठाम मत आहे की आजकालच्या मिस्त्र्यांना काही येत नाही आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून माणूस घरचं सगळं काम स्वतः करू शकतो. पंखा त्यांनी बसवला होता. तो उलटा फिरायचा, पण फिरायचा. त्या यशाने त्यांची हिंमत वाढली.

एका रविवारी सकाळी कल्पना भाजी घेऊन घरी आली तर बाथरूम नाही! नुसता ढिगारा. गजाननराव हातात हातोडी घेऊन, डोक्याला टॉवेल बांधून मधोमध उभे. म्हणाले, "टाइल्स जुन्या झाल्या होत्या. आता पाह्य तू, पुढच्या रविवारी नव्या बाथरूममध्ये आंघोळ करशील."

"कोणता पुढचा रविवार, ते त्यायनं सांगितलं नाही," कल्पना आम्हाला सांगत होती. तेव्हा पावसाळा संपत आला होता. ती आणि तिची ताडपत्री. मागच्या अंगणात चार बांबू ठोकून ताडपत्री गुंडाळली होती आणि त्यात अंधार असतानाच आंघोळी उरकायच्या. एका रविवारी क्रिकेटची मॅच निघाली, एका रविवारी साखरपुडा, एका रविवारी सिमेंट ओलं झालं. थंडी पडली तेव्हा ही बाई ऑटोत बसली की आधी हात काखेत घालायची. शोभाताई तिला आपली शाल द्यायच्या.

तरी आम्ही हसतच होतो. रोज ऑटोत बसलं की पहिला प्रश्न, "काय वं, कुठवर आली बाथरूम?"

*

मग एके दिवशी कल्पनाने पेढे आणले. तिची एकुलती एक लेक पल्लवी, वर्ध्याला दिलेली, तिला दिवस गेले होते, पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. आम्ही पेढे खाल्ले, रहीमभाईंनी दोन घेतले. आणि पेढा हातात असतानाच कल्पना रडायला लागली.

"मंगलाताई, बाळंतीण म्हणजे काय असते तुम्हाले माहीत आहे. तेल लावा, शेक द्या, हंड्या हंड्यानं गरम पाणी. तान्ह्या जीवाले पायावर घेऊन न्हाऊ घाला. अर्धं बाळंतपण तं न्हाणीतच होते. मी माह्या पोरीले ताडपत्रीत न्हाऊ घालू का?"

झालं, आम्हाला मतं फुटली. नेहा म्हणाली, मोबाइलवरून मिस्त्री बोलवा, घरी येतात, काम करून जातात. रहीमभाई म्हणाले, माझा साला टाइल्सचंच काम करतो, उद्या पाठवतो. शोभाताई म्हणाल्या, नवऱ्यालाच पाठव कुठेतरी. मी म्हटलं, प्रेमाने समजाव.

कल्पनाने डोळे पुसले. "सगळं करून पाहिलं. मागं मी एक मिस्त्री आणला होता नुसता पाहाले. तं यायनं त्या दिवशी जेवण सोडलं. म्हणे, बाहेरचा माणूस माह्या घराले हात लावणार असंल तं मी कशाले आहो?"



*

मधेच नेहाचा किस्सा सांगते, नाही तर राहून जाईल.

नेहा घरून काम करायची त्या दिवशी तिच्या सासरच्यांना ती "घरीच" असायची. मीटिंग चालू असताना सासरे दार उघडून विचारणार, "सुनबाई, माझा चष्मा पाहिला का?" सासूबाई पाहुण्यांना सांगणार, "आहे ना सून घरी, चहा करते." एकदा तर मोठ्या साहेबांच्या व्हिडिओ कॉलमध्ये हिच्या मागून सासूबाई कणकेचा डबा घेऊन गेल्या. समजावून सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "खुर्चीवर तं बसली आहेस, त्यात काय थकायचं?"

हिची खोली माडीवर, आणि माडीला बाहेरून जिना. एका सकाळी नेहा ऑफिसचा ड्रेस घालून, टिफिन घेऊन, तोंडाला स्कार्फ गुंडाळून "येते" म्हणत समोरून निघाली. गल्लीला वळसा घातला, मागून जिन्याने वर गेली, दाराला आतून कडी लावली आणि कामाला बसली.

"दिवसभर एक हाक नाही मॅडम! एवढं काम माझं आयुष्यात झालं नव्हतं."

संध्याकाळी पुन्हा स्कार्फ बांधून, मागच्या जिन्याने उतरून, वळसा घालून ती समोरून घरात आली. सासूबाई दारातच होत्या. लगबगीने पुढे आल्या, हातातली पिशवी घेतली.

"बस बस. किती थकून आली माझी बाई! थांब, चहा टाकते."

नेहा सांगताना हसली, पण शेवटी तिचा आवाज जरा बारीक झाला. लग्नानंतर तिला त्या घरात पहिल्यांदा आयता चहा मिळाला होता.

*

जानेवारीच्या शेवटी कल्पना उड्या मारतच ऑटोत बसली. टाइल्स बसल्या! भिंती झाल्या, नळ झाले, आरसासुद्धा लागला. गजाननरावांनी शेजारच्यांना बोलावून दाखवलं. मोबाइलमध्ये लेव्हल मोजायचं एक अ‍ॅप असतं म्हणे. त्यांनी मोबाइल फरशीवर चारी कोपऱ्यांत ठेवून दाखवला, सगळीकडे शून्य! "पाहा, एका केसाचा फरक नाही. कोणता मिस्त्री देईल असं?" उद्या पाणी सोडून उद्घाटन.

दुसऱ्या दिवशी कल्पना आली ती तोंड पाडून.

"काय झालं वं?"

"यायनं बादलीभर पाणी ओतलं." ती थांबली. "पाणी कुठंच गेलं नाही."

"म्हणजे?"

"जिथं ओतलं तिथंच बसलं. जाळीकडे जात नाही, दाराकडे येत नाही. एकदम लेव्हलमध्ये आहे ना!"

रहीमभाईंनी हसता हसता ऑटो बाजूलाच घेतला. शोभाताईंना ठसका लागला. बाथरूमला उतार लागतो हे त्या एवढ्या मोठ्या व्हिडिओवाल्याने सांगितलंच नव्हतं, की गजाननरावांनीच तेवढा भाग पुढे पळवला होता, कोण जाणे. गजाननराव म्हणे त्या तळ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "वायपर मारत जाऊ."

आम्ही पोट धरून हसत होतो आणि माझं कल्पनाकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती. पल्लवीला यायला थोडेच दिवस उरले होते.

*

पुढच्याच आठवड्यात ऑटो सिग्नलला थांबलेला असताना कल्पनाचा फोन वाजला. विहीणबाई होत्या. एंजिन बंद होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"ताई, पल्लवी सांगत होती, तुमच्याकडे अजून बांधकाम सुरू आहे. ओली जागा, पाय घसरला तर केवढ्याला पडेल! आपण असं करू, बाळंतपण इकडेच करू. तुम्ही या ना तेव्हा, चार दिवस पाहुण्यासारख्या."

बाई चांगल्या बोलल्या. एक शब्द वाकडा नाही. कल्पनाही "हो, हो, बरोबर आहे तुमचं" म्हणाली. फोन ठेवला आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिली. काही शोधत नव्हती, हे आम्हाला दिसत होतं.

"पाहुण्यासारखी," एवढंच एकदा म्हणाली.

सिग्नल सुटला. इतकी मतं असणाऱ्या आम्ही बायका, पण मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की उतरताना तिच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे काही सुचलं नाही. रहीमभाईंनीसुद्धा सबंध रस्ता हॉर्न वाजवला नाही.

*

त्यानंतरचा सोमवार. कल्पनाने ऑटोचा दांडा धरला आणि "आई गं" म्हणून सोडला. तळहाताला फोड आले होते.

रविवारी सकाळी गजाननराव चहा पीत बसले होते. ही उठली, त्यांचीच छिन्नी-हातोडी घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन जाळीजवळची पहिली टाइल फोडली. आवाज ऐकून ते धावत आले.

"काय करून राहिली वं?"

"उतार काढून राहिली."

"तुले येते का?"

"तुम्हाले तरी कुठं येते?" आणि हिने दुसरी टाइल फोडली. "तुमचंच म्हणणं आहे ना, बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही. मी घरचीच आहो!"

गजाननराव दारात उभेच. आम्ही ऑटोत पुढे सरकून बसलो. शोभाताई म्हणाल्या, "मंग? जेवण सोडलं का?"

"नाही. जराशानं आत आले, घमेलं उचललं अन् मलबा भरू लागले."

मग नवराबायकोने मिळूनच ते काम केलं. गजाननरावांनी रजा टाकली. मोबाइल बाहेर ठेवायचा, ही कल्पनाची अट होती. पल्लवीच्या लहानपणचा एक काचेचा कंचा, म्हणजे गोटी, शोकेसमध्ये पडला होता, तो तिने आणला. सिमेंटचा थर झाला की कोपऱ्यात कंचा ठेवायचा आणि सोडायचा. भिंतीकडे गेला तर पुन्हा थापी मारायची.

"शेवटच्या कोपऱ्यातून सोडला," कल्पना म्हणाली, "अन् हे जाळीजवळ बसून ओरडले, 'आला, आला, गेला!' मी म्हटलं, कुठं गेला? तं म्हणे, 'नालीत.' मी म्हटलं, मंग पास!"

टाइल्स सुकल्या त्या दिवशी हिने आमच्यादेखत, ऑटोतूनच, विहीणबाईंना फोन लावला. रहीमभाईंनी आपण होऊन एंजिन बंद केलं.

"ताई, पाठवा माझ्या पोरीला," कल्पना म्हणाली. "पाणी जाते आता."

*

पल्लवी आली, मुलगी झाली, आणि कल्पना रजेवर होती तेवढे दिवस आम्ही तिच्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही. परत कामावर आली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. रात्रीची जागरणं, दिवसभर धुणं आणि शेक. माझ्या ऑफिसच्या मशीनने तिला एका फटक्यात ओळखलं असतं! पण बाई खुशीत होती.

आम्ही विचारलं, बाळ कसं आहे? "मस्त." पल्लवी? "मस्त." मग शोभाताईंनी खरा प्रश्न विचारला, "अन् बाथरूम?"

कल्पना हसायला लागली.

पल्लवी आली त्या दिवशी प्रवासाने आंबलेली, पाय सुजलेले. म्हणाली, आधी आंघोळ करते. गजाननरावांनी स्वतः गरम पाण्याची बादली आत नेऊन ठेवली. लाइट लावून दाखवला, नळ दाखवले, कोनाडा दाखवला, आणि उतार तर दोनदा दाखवला. पल्लवी आत गेली. दार लोटलं. आणि आतून आवाज आला, "बाबा, कडी कुठे आहे?"

सगळं होतं. हूक होते, आरसा होता, साबणाची डिश होती. दाराला कडी लावायचीच राहिली होती!

"एवढे महिने!" शोभाताईंनी कपाळाला हात लावला.

गजाननराव आधी गोरेमोरे झाले. मग ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची आणली, बाथरूमच्या दाराला लावली आणि दाराकडे पाठ करून तिच्यावर बसले. म्हणाले, "कर बेटा आंघोळ आरामात. कोणी येत नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. बाळंतपणानंतरही तेच. आत कल्पना लेकीला न्हाऊ घालते, बाळ रडतं, वाफेने आरसा धुरकटतो, आणि बाहेर गजाननराव दाराला पाठ टेकवून आपली मतं सांगतात. सरकार कुठे चुकतंय, कारखान्यात आलेलं नवीन मशीन कसं भंगार आहे, मुलींनी नोकरी का सोडू नये. आतून पल्लवी ओरडून वाद घालते, "बाबा, तुम्हाला काही माहीत नाही!" हे बाहेरून दुप्पट ओरडतात.

"लग्न झालं तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे फोनवर 'जेवली का?' अन् 'हो बाबा.' बस," कल्पना म्हणाली. "आता पाणी थंडं होते तरी यायचं बोलणं संपत नाही. मीच ओरडते, पोरीले सर्दी होईल म्हणून."

"ते सगळं ठीक आहे वं," शोभाताई म्हणाल्या, "पण इतके दिवस झाले, अजून कडी लावली नाही म्हणजे कमाल आहे तुझ्या नवऱ्याची! बाजारातून एक कडी आणाले काय होते त्याले?"

कल्पनाने मांडीवरची पर्स उघडली आणि आतून एक कडी काढून दाखवली. नवी कोरी, स्क्रूसकट, प्लास्टिकच्या पाकिटात.

"आणली ना त्यायनं. दुसऱ्याच दिवशी आणली. लावाले बी बसले होते. पल्लवीनं त्यायच्या हातातून घेतली अन् माह्या पर्समध्ये टाकली. म्हणे, 'आई, मी सासरी जाईपर्यंत ही तुझ्याजवळच ठेव.'"